जुन्या ट्रॅक्टरांची ओळख : नाव, अंक आणि पाटी यांचा पुरावा

१

बोलीचे नमुने गोळा करण्यासाठी चांदवड तालुक्यात जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या ध्वनिमुद्रणात शेतीविषयक भाग स्वाभाविकपणेच मोठा असतो. मुंबई-आग्रा रस्त्यावरील या अवर्षणप्रवण भागात बाजरी, कांदा आणि अलीकडे द्राक्ष यांच्या शेतीचा वृत्तान्त सांगताना वृद्ध निवेदक एका घटनेशी हमखास थांबतात. ती म्हणजे घरात ट्रॅक्टर येणे. ‘साठ साली आमच्याकडं महिंद्रा आला न् बैलं इकली,’ अशा घडणीचे वाक्य आपण कल्पू. विकली या रूपातील आद्य व-काराचा लोप आपण टिपून घेतो, ‘बैलं’ हे अनेकवचन नोंदवतो, आणि पुढे जातो. वाक्यात जे सांगितले आहे त्याच्या खरेपणाचा विचार करणे हे आपले काम नव्हे, असे आपण गृहीत धरलेले असते.

परंतु हेच ध्वनिमुद्रण पुढे इतिहासाचा किंवा समाजशास्त्राचा अभ्यासक साधन म्हणून वापरतो, आणि तेव्हा अडचण उत्पन्न होते. ट्रॅक्टर बनविणारी इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया ही संस्था महिंद्र आणि महिंद्र, अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्या भागीदारीतून १९६३ मध्ये स्थापन झाली आणि तिचा बी-२७५ हा पहिला ट्रॅक्टर १९६५ च्या सुमारास मुंबईच्या कांदिवली येथून बाहेर पडला. मग १९६० साली चांदवडच्या शिवारात महिंद्रा येणार कोठून? निवेदकाची स्मृती दगा देते, असा शेरा मारून अभ्यासक ते वाक्य बाजूस सारतो. हा शेरा पुष्कळदा अन्यायाचा असतो. तो का व कसा, हे समजण्यास जुन्या ट्रॅक्टरांची ओळख कशी पटवितात याची माहिती असावी लागते. ती माहिती थोडक्यात देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

हस्तलिखिताचा काळ ठरविताना आपण जे प्रश्न विचारतो तेच येथेही विचारावे लागतात. पोथीच्या अखेरीस पुष्पिका असते. तीत लेखक, स्थळ, शक यांचा निर्देश असतो. ट्रॅक्टरावर तशी कारखान्याची पाटी असते. परंतु पुष्पिका मूळ पोथीवरून जशीच्या तशी उतरलेली असू शकते. तद्वत पाटीही दुसऱ्या यंत्रावरून काढून बसविलेली असू शकते. पोथीत प्रक्षेप असतात, ट्रॅक्टरात बदललेले सुटे भाग असतात. चाळीस-पन्नास वर्षे नांगरट केलेल्या यंत्राचे इंजिन, पंप, बॉनेट आणि मडगार्ड हे सर्व एकाच जन्माचे असणे हा अपवादच समजला पाहिजे. म्हणून कोणत्याही एका खुणेवर विसंबून न राहता खुणा एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात.

खुणांचे चार वर्ग करता येतात. पहिला, लोकांच्या तोंडी असलेले नाव. दुसरा, कारखान्याने दिलेली संज्ञा, म्हणजे अक्षरे व अंक यांचा संकेत. तिसरा, पाटीवरील अनुक्रमांक व ओतीव भागांवर उठविलेले आकडे. चौथा, यंत्राची रचना : सिलिंडर किती, इंजिन पाण्याने थंड होते की वाऱ्याने, रंग कोणता. यांपैकी पहिला वर्ग सर्वांत सुलभ आणि सर्वांत फसवा आहे. चौथ्यात रंग वगळला तर तो पुष्कळ विश्वसनीय आहे.

३

प्रथम संज्ञांचा विचार करू. भाषाभ्यासकाला हा भाग मनोरंजक वाटेल, कारण येथे अल्पाक्षरी चिन्हांची एक व्यवस्थाच आहे आणि त्या व्यवस्थेतील प्रत्येक घटक अर्थपूर्ण असेलच असे नाही.

इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने बनलेला फर्ग्युसनचा करड्या रंगाचा लहान ट्रॅक्टर ‘टी. ई. २०’ या नावाने ओळखला जातो. ‘टी. ई.’ म्हणजे ट्रॅक्टर, इंग्लंड. डेट्रॉइट येथे बनलेल्या त्याच्या भावंडाला ‘टी. ओ.’ म्हणत, म्हणजे परदेशी ट्रॅक्टर. २० हा अंक शक्तीच्या वर्गाचा निदर्शक. पुढे इंजिने बदलली तशी या संज्ञेच्या पोटात एकेक अक्षर मध्यप्रत्ययासारखे घालण्यात आले. टी. ई. ए. २० मध्ये स्टँडर्ड कंपनीचे पेट्रोल इंजिन, टी. ई. डी. २० मध्ये रॉकेलाच्या जातीच्या इंधनावर चालणारे इंजिन, आणि १९५१ पासूनच्या टी. ई. एफ. २० मध्ये डिझेल इंजिन. ‘डी’ पाहून डिझेल समजणारा येथे हमखास चुकतो. डिझेलचे अक्षर ‘एफ’ आहे. चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे वर्गात सांगितलेले सूत्र शेतात असे प्रत्ययास येते.

याउलट फोर्डसनच्या ‘ई २७ एन’ या युद्धोत्तर नमुन्यात ‘ई’ इंग्लंडचा, २७ अश्वशक्तीचा आणि ‘एन’ हे फोर्ड कंपनीत ट्रॅक्टरासाठी रूढ असलेले अक्षर. येथे प्रत्येक घटक सार्थ आहे. जर्मनीच्या डॉइट्झ कंपनीचा संकेत तर पाणिनीय म्हणावा इतका आटोपशीर आहे. ‘एफ ३ एल ९१२’ या इंजिनसंज्ञेत ‘एफ’ म्हणजे वाहनासाठीचे इंजिन, ३ ही सिलिंडरांची संख्या, ‘एल’ हे हवा या अर्थाच्या जर्मन शब्दाचे आद्याक्षर, अर्थात वाऱ्याने थंड होणारे, ९ हा मालिकेचा अंक, आणि १२ म्हणजे दट्ट्याच्या फेरीची सेंटिमीटरमधील लांबी. ट्रॅक्टराच्या ‘डी ४००६’ या संज्ञेतील ४० हा शक्तीचा वर्ग आणि ०६ ही मालिका.

चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो येथील झेटर या नावाची व्युत्पत्तीही लक्षात ठेवण्यासारखी आहे. झ्ब्रोयोव्का या शस्त्रनिर्माण कारखान्याच्या आद्याक्षराचे चेक नाव ‘झेट’, आणि त्याला ट्रॅक्टर या शब्दाच्या अखेरचा ‘ओर’ जोडलेला. १९४६ पासून बाजारात आलेल्या पहिल्या नमुन्याला ‘२५’ म्हणत. तेथे अंक शक्तीचा. परंतु १९६० च्या सुमारास निघालेल्या २०११, ३०११, ४०११ या नमुन्यांत पहिला अंक सिलिंडरांची संख्या सांगतो. ३०११ म्हणजे तीस अश्वशक्ती असा अर्थ कोणी केला तर तो चुकेल, कारण त्या यंत्राची शक्ती सुमारे ३५ होती. पुढील २५११ मध्ये मात्र पहिला अंक सिलिंडर दाखवितो आणि पहिले दोन मिळून शक्तीही दाखवितात. एकाच घराण्यात दोन पिढ्यांचे व्याकरण असे निरनिराळे असते.

आता बी-२७५. ‘बी’ हे इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ब्रिटिश शाखेचे अक्षर. २७५ या आकड्याचा अश्वशक्तीशी संबंध नाही. हा नमुना इंग्लंडात १९५८ पासून बनू लागला होता. तत्पूर्वीचा, १९५६ पासूनचा, बी-२५०. दोन्हींत चार सिलिंडरांचे १४४ घन इंचांचे डिझेल इंजिन. हे सन ध्यानात ठेवावेत. लेखाच्या अखेरीस त्यांची गरज पडणार आहे.

४

भारतातील निर्मितीचा क्रम माहीत असला की काळाच्या पूर्वमर्यादा आपोआप मिळतात. १९५१ च्या पशुगणनेत देशातील ट्रॅक्टरांची संख्या साडेआठ हजारांच्या आसपास होती, १९६१ मध्ये ती एकतीस हजारांच्या आसपास गेली. हे बव्हंशी परदेशातून आलेले होते. कांसाने व्यापलेल्या जमिनी मोडण्यासाठी १९४७ मध्ये केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी राहिली, आणि शेतीयंत्रांसाठी जागतिक बँकेने १९४९ मध्ये १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. तो सारा आयातीचाच काळ. १९६१-६२ या वर्षी देशात बनलेले ट्रॅक्टर अवघे ८८० होते.

देशी जुळणीचा आरंभ १९५९ मध्ये फरिदाबाद येथे आयशरने केला. मूळ नमुना बव्हेरियातील आयशर बंधूंचा. १९६० मध्ये मद्रास येथे ट्रॅक्टर्स अँड फार्म इक्विपमेंट, म्हणजे टॅफे, ही संस्था मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने स्थापन झाली. नंतर वर सांगितलेली इंटरनॅशनल. १९७१ मध्ये पिंजोर येथे हिंदुस्थान मशीन टूल्सने झेटरचा २५११ बनविण्यास घेतला आणि त्याच वर्षी फरिदाबादहून एस्कॉर्ट्सच्या सहकार्याचा फोर्ड ३००० निघाला. १९७४ मध्ये पंजाबातून स्वराज ७२४ आला. त्याची आखणी दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत झाली होती. आणि त्याच वर्षी आपल्या नाशिक शहरात किर्लोस्कर ट्रॅक्टर्सने डॉइट्झच्या सहकार्याने निर्मिती सुरू केली. हा कारखाना आज विस्मृतीत गेला असला तरी नाशिक जिल्ह्यात सर्वेक्षण करणाऱ्याने तो विसरता कामा नये.

यावरून सरळ निष्कर्ष निघतो तो असा : १९५९ पूर्वी गावात आलेला ट्रॅक्टर, त्याला आज कोणत्याही नावाने ओळखत असोत, परदेशी बनावटीचाच असला पाहिजे. उत्तरमर्यादाही मिळतात. इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी १९७७ मध्ये महिंद्र आणि महिंद्रमध्ये विलीन झाली. म्हणून जुन्या कंपनीचे नाव असलेली पाटी सामान्यतः त्यापूर्वीची. हिंदुस्थान मशीन टूल्सचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिली. मात्र पाट्यांचा साठा संपेपर्यंत त्या वापरल्या जाणे शक्य असते, म्हणून अशा मर्यादांना वर्ष-दोन वर्षांची सैल बाजू ठेवावी.

५

रचनेच्या खुणा प्रत्यक्ष पाहून ठरवावयाच्या असतात, आणि त्यांसाठी फार मोठे यांत्रिक ज्ञान लागत नाही.

पहिली गोष्ट, बॉनेटच्या आत रेडिएटर आहे की नाही हे पाहावे. नसेल तर इंजिन वाऱ्याने थंड होणारे आहे, आणि आपल्या भागात आयशर किंवा किर्लोस्कर-डॉइट्झ यांच्याकडे प्रथम बोट दाखविता येते. दोहोंतील भेद सिलिंडरांच्या संख्येने होतो : आयशरचे जुने भारतीय नमुने पुष्कळसे एका सिलिंडरचे, तर डॉइट्झच्या त्या वर्गाच्या यंत्रात तीन सिलिंडर एका ओळीत, प्रत्येकाभोवती स्वतंत्र पंख्यासारखी पाती असलेले.

सिलिंडर मोजण्याची सोपी रीत म्हणजे पंपापासून निघणाऱ्या बारीक नळ्या मोजणे. मिस्त्री ज्यांना नोझल म्हणतात त्या जागी त्या जाऊन मिळतात. जितकी नोझले तितके सिलिंडर. फर्ग्युसन ३५ या नमुन्यात हीच मोजणी काळ सांगते. १९५६ मध्ये तो निघाला तेव्हा त्याच्या डिझेल प्रकारात स्टँडर्डचे चार सिलिंडरांचे इंजिन होते; १९५९ पासून पर्किन्सचे तीन सिलिंडरांचे आले. बी-२७५ चे सिलिंडर चार, पण पुढे महिंद्रच्याच २७५ डी. आय. या नावाखाली तीन सिलिंडरांची यंत्रे निघाली. शब्द तोच राहून अर्थ बदलावा, तसे हे आहे. ‘डी. आय.’ ही अक्षरे इंधन सरळ सिलिंडरात फवारण्याच्या पद्धतीची निदर्शक असून ती मूळ बी-२७५ च्या नावात नव्हती.

रंग ही खूण सर्वांत आधी डोळ्यांत भरते आणि सर्वांत आधी बदलते. करडा व तांबूस-सोनेरी फर्ग्युसन ३५ हा १९५६-५७ चा. लाल व करडा मॅसी फर्ग्युसन ३५ हा १९५७ च्या अखेरपासूनचा. परंतु पोळ्याला बैल रंगवावेत त्या हौसेने ट्रॅक्टरही रंगविले जातात. बॉनेटच्या आतील बाजूस, डॅशबोर्डच्या मागे किंवा बोल्टाच्या टोपीखाली मूळ रंगाचा अंश राहतो. तोच प्रमाण मानावा.

राहता राहिले आकडे. पाटी हरवली असली तरी ओतीव भागांवरील आकडे सहसा राहतात. १९६५ पासूनच्या फोर्ड यंत्रांवर उत्पादनाची तारीख चार घटकांत उठविलेली असे. ‘५ सी १२ बी’ याचा अर्थ असा : वर्षाचा अखेरचा अंक ५, महिना तिसरा, तारीख १२, आणि कामाची दुसरी पाळी. महिन्यांच्या अक्षरांतून ‘आय’ वगळलेले असते, कारण ते १ या अंकासारखे दिसते. आता ५ म्हणजे १९६५ की १९७५? फोर्ड ३००० चे उत्पादन या दोन्ही वर्षी होत होते, म्हणून केवळ संकेत वाचून निर्णय होत नाही. इतर भागांवरील तारखा जमवाव्या लागतात. शिवाय भाग ओतल्याची तारीख ही यंत्र जुळविल्याच्या तारखेआधीची असते. अनेक भागांच्या तारखा एकमेकींच्या जवळ आल्या तर त्यांतील सर्वांत अलीकडची ही यंत्राची पूर्वमर्यादा. एखादीच तारीख बरीच पुढची निघाली तर तो भाग नंतर बदललेला, म्हणजे प्रक्षिप्त.

वाहननोंदणीचे पुस्तक उपलब्ध असल्यास ते अवश्य पाहावे, परंतु त्यातील नोंदणीची तारीख व निर्मितीचे वर्ष या दोन निराळ्या गोष्टी होत. जुने यंत्र दुसऱ्या जिल्ह्यातून विकत घेतले असल्यास अंतर पुष्कळ असते. ‘एम. एच.’ ने सुरू होणारा क्रमांक १९८९ नंतरच्या पद्धतीचा, यावरून यंत्र १९८९ नंतरचे ठरत नाही.

शब्दाचा अर्थ अडला की कोश पाहावा, तसे नमुन्यांविषयी शंका आल्यास चाचणीचे अहवाल पाहावेत. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात १९१९ च्या कायद्यान्वये १९२० पासून ट्रॅक्टरांच्या चाचण्या होत आल्या आहेत. आपल्याकडे मध्य प्रदेशातील बुधनी येथे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रातून तसे अहवाल निघत आले. इंजिनचे मोजमाप, गिअर, वजन यांची नोंद त्यांत असल्याने समोरचे यंत्र त्यांच्याशी ताडता येते.

६

लोकांच्या तोंडच्या नावाकडे आता वळता येईल. विशेषनामाचे सामान्यनाम होणे ही प्रक्रिया मराठीला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केल्यानंतर ‘किर्लोस्कर’ हे नाव शेतकऱ्याच्या बोलण्यात वस्तूचेच नाव होऊन बसले. ट्रॅक्टरांच्या बाबतीत ही प्रक्रिया अधिक गुंतागुंतीची आहे. आज ‘आयशर’ म्हटले की वृत्तपत्राच्या वाचकाला मालवाहू गाडी आठवते. १९७० च्या आठवणींतील ‘आयशर’ हा ट्रॅक्टरच असला पाहिजे, कारण त्या नावाच्या मालगाड्या १९८० नंतरच्या दशकातल्या. ‘एचएमटी’ हे नाव घड्याळाला, ट्रॅक्टराला आणि चंद्रपूर जिल्ह्यातील दादाजी खोब्रागडे यांनी निवडीने सिद्ध केलेल्या भाताच्या वाणालाही आहे. ‘फर्ग्युसन’ म्हणताना करडा टी. ई. २०, लाल ३५ आणि मद्रासचा १०३५ हे तिन्ही अभिप्रेत असू शकतात.

‘महिंद्रा’ या शब्दाचे असेच आहे. १९६३ ते १९७७ या काळात त्या ट्रॅक्टर-कंपनीच्या नावात महिंद्र हा शब्दच नव्हता. तो लोकांनी आधी वापरला की विलीनीकरणानंतर मागे नेऊन लावला, हे प्रत्येक गावी विचारूनच ठरवावे लागेल. नाव मागे नेऊन लावण्याची ही क्रिया आपण इतरत्रही करतो : मुंबईच्या १९६० च्या आठवणी सांगताना आजचे स्थानकनाम सहज तोंडी येते, म्हणून सांगणाऱ्याची आठवण खोटी ठरत नाही.

७

आता आरंभीच्या वाक्याकडे परत येऊ. ‘साठ साली महिंद्रा आला’ या विधानात दोन घटक आहेत : एक वर्ष आणि एक नाव. अभ्यासकाने दोहोंचा मेळ बसत नाही असे पाहून वर्ष चुकीचे ठरविले. परंतु नाव चुकीचे असण्याची शक्यता त्याने विचारात घेतली नाही. १९६० साली इंग्लंडात बनलेला बी-२५० किंवा बी-२७५ आयात होऊन येणे कालदृष्ट्या अशक्य नव्हते. पुढे त्याच घडणीचा, त्याच लाल रंगाचा ट्रॅक्टर कांदिवलीहून येऊ लागला आणि गावभर ‘महिंद्रा’ झाला. तेव्हा घरातल्या जुन्यालाही तेच नाव पडले असेल तर त्यात नवल ते काय? अर्थात वर्षच चुकले असणेही शक्य आहे. निर्णय तर्काने होणार नाही. तो गोठ्यामागे उभ्या असलेल्या यंत्राच्या पाटीने होईल. पाटीवर इंग्लंडचा निर्देश असेल तर सांगणाऱ्याचे वर्ष टिकते, कांदिवलीचा असेल तर ते पाच वर्षे तरी पुढे सरकते.

म्हणून क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. निवेदकाने ट्रॅक्टराचे नाव घेतले की ते यंत्र अद्याप आहे काय, हे विचारावे. असल्यास पाटीचे, इंजिन व चेसिसवरील क्रमांकांचे आणि ओतीव भागांवरील आकड्यांचे छायाचित्र घ्यावे. आकडे नीट दिसत नसल्यास त्यांवर खडू घासावा, पण पत्रा खरवडू नये. नोझले मोजावीत. रेडिएटर आहे की नाही हे लिहावे. निवेदकाने वापरलेले नाव जसेच्या तसे एका रकान्यात, आणि आपण ठरविलेली ओळख दुसऱ्या रकान्यात लिहावी. पहिल्यावर दुसरी गिरवू नये. कोणते भाग कधी बदलले, हे घरच्या माणसांना व गावच्या मिस्त्रीला विचारावे, कारण प्रक्षेपांची सर्वांत खात्रीची माहिती त्यांच्याकडेच असते.

हे काम फार काळ थांबणारे नाही. बैल विकल्याचे वर्ष आठवणारी पिढी मावळत आहे आणि यंत्रे भंगाराच्या दुकानात वजनावर जात आहेत. यंत्र कापले गेले की पाटीही गेली. मग आपल्या संग्रहात उरते ते एक वाक्य, त्यातील व-काराच्या लोपाची टीप आणि कडेला कोणीतरी मारलेला ‘स्मृतिदोष’ असा शेरा. तो शेरा मारण्यापूर्वी पाटी पाहिली होती काय, हा प्रश्न आपण स्वतःस विचारला पाहिजे.